दगडातील पान आणि दुभंगलेले खंड

पृथ्वीवरील खंड जागचे हलतात, असे कोणी म्हटले तर चटकन विश्वास बसत नाही. पण विज्ञानात पुराव्याला मान असतो. या बाबतीतला एक मोठा पुरावा आपल्या विदर्भाच्या जमिनीतही आहे, म्हणून ही माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नागपूरजवळील कामठीपासून चंद्रपूरपर्यंतच्या कोळशाच्या पट्ट्यात थरांलगतच्या दगडांवर लांबट, जिभेसारख्या पानांचे ठसे आढळतात. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी असे ठसे जमविले होते. या वनस्पतीचे नाव ग्लॉसोप्टेरिस. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी तिची अरण्ये होती. आपल्याकडील दगडी कोळसा बराचसा त्याच अरण्यांतून तयार झाला.

नवल असे की, हेच पान दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेही सापडते. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट व त्यांचे साथीदार थंडी व उपासमारीने मृत्यू पावले. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड मिळाले. अखेरपर्यंत त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्यांतही ग्लॉसोप्टेरिस होते! आज बर्फाखाली असलेल्या अंटार्क्टिकावर एके काळी अरण्य होते, हे त्यावरून दिसून आले.

एवढे महासागर ओलांडून एकच वनस्पती सर्वत्र कशी पोहोचली? ऑस्ट्रियाचे एडवर्ड सुएस यांनी हे प्रदेश पूर्वी एकत्र होते असे मानून त्या भूमीस 'गोंडवनालँड' म्हटले. गोंड समाजाच्या प्रदेशावरूनच हे नाव आले. मात्र मधली जमीन समुद्रात बुडाली, अशी त्यांची समजूत होती.

जर्मनीचे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये वेगळे मत मांडले. जमीन बुडाली नसून खंडच एकमेकांपासून दूर सरकले, असे ते म्हणाले. मेसोसॉरस या लहान सरपटणाऱ्या जलचराचे जीवाश्म फक्त दक्षिण अमेरिकेत व आफ्रिकेच्या दक्षिण भागातच मिळतात. हा प्राणी अटलांटिक महासागर पोहून जाणे शक्य नव्हते. तरीही खंड कोणत्या शक्तीने सरकतात हे वेगेनर यांना समाधानकारकपणे सांगता आले नाही. अनेक विद्वानांनी त्यांची हेटाळणी केली. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा अंत झाला.

पुरावे मात्र वाढतच गेले. लिस्ट्रोसॉरस हा जमिनीवर राहणारा शाकाहारी प्राणी दक्षिण आफ्रिकेत आणि बंगालमधील राणीगंज भागात ठाऊक होता. १९६९ मध्ये त्याची हाडे अंटार्क्टिकावरही मिळाली. त्याच दशकात समुद्रतळाच्या अभ्यासातून तेथे नवा खडक सतत तयार होऊन तळ रुंदावतो हेही कळले. वेगेनर यांना न सापडलेले उत्तर मिळू लागले. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकून सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि हिमालय उंचावला, हे आज सर्वमान्य आहे. उपग्रहांच्या साहाय्याने ही गती मोजता येते. ती वर्षाला काही सेंटिमीटर आहे.

कोळसा खाणीच्या परिसरात राहणाऱ्या आमच्या विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे आहे : पानाचा ठसा असलेला दगड कुठे पाहण्यात आला तर तो फेकून देऊ नका, शिक्षकांना दाखवा. अंटार्क्टिकावर सापडलेल्या पानाचा तो भाऊबंद असू शकेल.