हळद : डब्यातली आणि कॅप्सूलमधली

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्या घराघरांतील एका पदार्थाचा उचित गौरव झाला. भाजी-आमटीत पडणाऱ्या चिमूटभर हळदीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिच्या अर्काच्या कॅप्सूलचा. सांधेदुखीवर रामबाण समजून अनेक ज्येष्ठ मंडळी ती वैद्यकीय सल्ल्याविना महिनोन्‌महिने घेत असतात.

प्रथम हिशेब पाहू. हळदीत कर्क्युमिन हा घटक सुमारे तीन टक्के असतो. दिवसभरात तीन ग्रॅम हळद पोटात गेली, तरी कर्क्युमिन जेमतेम ९० मिलिग्रॅम होते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरविलेली दैनंदिन मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे; म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीस १८०. अनेक कॅप्सूलांत मात्र एकेका मात्रेतच ५०० मिलिग्रॅम वा अधिक अर्क असतो.

त्यात मिरीतील पायपरिनची भर. कर्क्युमिन शरीरात सहज शोषले जात नाही. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखविले की, पायपरिनमुळे त्याचे शोषण वीस पटींनी वाढते. जाहिरातीत हा गुण म्हणून सांगितला जातो. पण हेच पायपरिन इतर औषधांचा रक्तातील अंशही वाढवू शकते, हे सांगितले जात नाही.

अमेरिकेतील यकृतविषयक संशोधन-जाळ्याने २००४ ते २०२२ या काळातील, हळदीच्या पूरकांमुळे यकृतास इजा झालेल्या १० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू झाला. सात जणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. तो आपल्यात आहे की नाही, हे सामान्य माणसास ठाऊक नसते. इटलीने २०२२ मध्ये अशा उत्पादनांवर इशारा छापणे बंधनकारक केले. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना काढली.

असे प्रसंग विरळ आहेत, हे मान्य. परंतु ज्या गुंतवणुकीत परताव्याची हमी नाही आणि मुद्दल मात्र धोक्यात आहे, ती कोणता विवेकी गृहस्थ करील? येथे मुद्दल म्हणजे आपले यकृत.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, पित्ताशयात खडे असतील वा यकृताचा विकार असेल, तर ही कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. डॉक्टरांना औषधे सांगताना पूरकांचीही नावे सांगावीत. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, अन्नावरची वासना उडणे, यांपैकी काहीही जाणवल्यास कॅप्सूल थांबवून त्वरित यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. बाटलीवरील मजकूर चष्मा लावून वाचावा. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे आपल्याकडे नियमाने आवश्यक आहे. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असेल, तर ते प्राणिजन्य असते. शाकाहारी वाचकांनी हिरवी खूणही पाहावी.

मसाल्याच्या डब्यातील हळद पिढ्यान्‌पिढ्या पुरली आहे. तेवढीच पुरे.