रिचार्ज महागला, कोटीभर ग्राहक घटले. तरी जिओची कमाई वाढली कशी?

3 जुलै 2024. गणेशोत्सव दोन महिन्यांवर आलेला, पेणच्या कारखान्यांत हंगाम ऐन भरात. मूर्तींचे फोटो-व्हिडीओ गिऱ्हाइकाला पाठवायचे तर मोबाइल डेटा हवाच. नेमक्या त्याच दिवशी जिओ आणि एअरटेलचे रिचार्ज महागले. व्होडाफोन आयडियाने दुसऱ्या दिवशी तोच मार्ग धरला.

जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 239 वरून 299 रुपयांवर गेला. 28 दिवसांचा ‘महिना’ धरला की वर्षात रिचार्ज 12 नव्हे, 13 होतात. म्हणजे एका सिममागे वर्षाला 780 रुपये जादा. घरात चार फोन असतील तर हिशेब ज्याने-त्याने करावा.

ग्राहक चिडले. जुलैत सरकारी बीएसएनएलला जवळपास 29 लाख नवे ग्राहक मिळाले. जिओची ग्राहकसंख्या तीन महिन्यांत 48.97 कोटींवरून 47.88 कोटींवर आली.

मग कंपनीचं नुकसान झालं का?

इथे ‘आरपू’ हा आकडा पाहावा लागतो. आरपू म्हणजे एका ग्राहकामागे महिन्याला मिळणारी सरासरी रक्कम. जिओचा आरपू याच काळात 181.7 वरून 195.1 रुपये झाला. ढोबळ गुणाकार केला तर महिन्याची कमाई सुमारे 8,900 कोटींवरून 9,340 कोटींवर जाते. ग्राहक सव्वादोन टक्के घटले, कमाई पाच टक्के वाढली.

सोडून जाणाऱ्यांत अनेकदा दुसरं सिम बंद करणारे असतात. त्यांचा रिचार्ज मुळातच कमी. ते गेले की उरलेल्यांची सरासरी आपोआप वर सरकते. टॉवर, स्पेक्ट्रम यांचा खर्च मात्र ग्राहक थोडे कमी-जास्त झाले म्हणून फारसा बदलत नाही. त्यामुळे वाढीव पैशांतला मोठा वाटा नफ्याकडे जातो.

दर 12 ते 25 टक्क्यांनी वाढले, मग आरपू साडेसात टक्क्यांच्या आतच का? कारण अनेकांनी वाढीआधीच 84 दिवसांचे किंवा वर्षाचे रिचार्ज मारून ठेवले होते. काहीजण स्वस्त प्लॅनवर उतरले. जुने रिचार्ज संपत गेले तसा वाढीचा परिणाम पुढच्या तिमाहीतही दिसला. डिसेंबर 2024 अखेर जिओचा आरपू 203.3 रुपयांवर पोहोचला होता आणि ग्राहकही पुन्हा 48.21 कोटी झाले होते.