एका वाचकासाठी एक प्रत



दुकानात पुस्तक मागावे आणि ‘आवृत्ती संपली’ असे उत्तर यावे, हा अनुभव आपणांस नवा नाही. पुस्तक टाकाऊ होते म्हणून ते संपले, असे मात्र नव्हे. ऑफसेट छापखान्यात प्लेटा करणे व यंत्र लावणे यांचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजार प्रतींना. म्हणून प्रकाशक पाचशे-हजार प्रतींचा हिशेब धरतो. मागणारे वीसच असले, तर त्या विसांनी वाचायचे नाही, असा त्याचा अर्थ होतो.

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली छापला गेला आणि पुढे विस्मरणात गेला. स. गं. मालशे यांनी तो १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केला. मध्ये ९३ वर्षे गेली! एखादी प्रत टिकली होती, म्हणूनच हे साधले. लगद्याचा जुना कागद आम्लामुळे पिवळा पडून तुटू लागतो. तो फार काळ वाट पाहत नाही.

आता पानांची चित्रे संगणकात उतरवून ठेवता येतात. मागणी आली की प्लेटांवाचून, डिजिटल यंत्रावर, एकच प्रत छापून बांधता येते. ती थोडी महाग पडते खरी; पण गोदाम लागत नाही आणि गठ्ठे रद्दीत जात नाहीत.

परंतु हे वाटेल त्या पुस्तकाचे करता येत नाही. आपल्या कायद्याने लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरील हक्क त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षे चालतो. १९६० साली वारलेल्या लेखकाची अशी पुस्तके १ जानेवारी २०२१ पासून सर्वांची झाली. हक्क चालू असेल, तर वारसांची संमती घेतलीच पाहिजे. नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेवरचा हक्कही वेगळा असतो.

खरी मेहनत तपासणीची आहे. घाईच्या कामात पान गळते, शिलाईजवळची अक्षरे कापली जातात, घडीचा नकाशा न उलगडताच टिपला जातो. चित्रावरून अक्षरे ओळखताना झिजलेल्या ‘घ’चा ‘ध’ होतो आणि ‘भ’चा ‘म’. तेथे मूळ पानाशी ओळ न् ओळ ताडून पाहणारा मुद्रितशोधकच हवा. त्याची मजुरी वाचवून विकलेले पुस्तक म्हणजे ग्राहकाची फसवणूक होय.

कामगार संघटनेत वावरणारा माणूस म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : छापणाऱ्याने कामाचा पुरता मोबदला घ्यावा, पण हक्क संपलेल्या ग्रंथावर मालकी सांगू नये. आपले ग्रंथालय जुनी पुस्तके अशा कामासाठी देईल, तेव्हा करारात दोन अटी घालाव्यात. तपासलेल्या चित्रांची एक पूर्ण प्रत ग्रंथालयाकडे राहावी आणि ती कोणाही वाचकाला विनामूल्य पाहता यावी. सभासदांनी वार्षिक सभेत हा प्रश्न अवश्य विचारावा.