फ्रायडेच्या हातातली लेखणी

'द एम्पायर ऑफ कॉर्प्सेस' हा २०१५ सालचा जपानी ॲनिमेशनपट. मूळ कादंबरी प्रोजेक्ट इतो याने सुरू केली. २००९ मध्ये तो वारला आणि तो एंजो याने ती पुरी केली. वाफेची यंत्रे आणि दातेरी चाके यांच्याच बळावर जग पुढे गेले असते तर काय झाले असते, ही कल्पना धरून एकोणिसावे शतक नव्याने मांडणाऱ्या साहित्याला 'स्टीमपंक' म्हणतात. हा चित्रपट त्याच जातीचा.

यातल्या जगात प्रेते राबतात. मेरी शेलीच्या फ्रँकन्स्टाइनची विद्या साम्राज्याच्या हाती पडली आहे. मेलेल्याच्या मेंदूत हुकूम भरायचे आणि त्याला कामावर, युद्धावर धाडायचे. मजुरी नाही, तक्रार नाही. हा निव्वळ कल्पनाविलास नव्हे. इंग्लंडमध्ये पूर्वी फाशी गेलेल्या खुन्याचे प्रेत चिरफाडीसाठी वैद्यांना मिळे. १८३२ च्या कायद्याने गरीबगृहात मेलेल्या बेवारस माणसाचे प्रेतही देण्याची सोय केली. खुन्याची शिक्षा गरिबीला लागू झाली! आपल्याकडे प्रेत राबत नव्हते, प्रेताभोवतीची कामे करणारा राबत होता. मर्तिकाचा सांगावा नेणे, सरणाची लाकडे वाहणे, मेलेले ढोर ओढणे, ही कामे महाराच्या माथी होती. आणि तीच त्याच्या विटाळाचे कारण म्हणून सांगितली जात.

कॉनन डॉयलचा डॉक्टर वॉटसन मुंबईच्या बंदरात उतरून अफगाण युद्धावर गेला होता. इथला वॉटसनही मुंबईमार्गे अफगाणिस्तानात जातो. सोबत त्याच्या मेलेल्या मित्राचे चालते प्रेत. त्याला तो फ्रायडे म्हणतो.

माझ्या दृष्टीने चित्रपटाचे मर्म या नावात आहे. 'रॉबिन्सन क्रूसो' ही डीफोची कादंबरी १७१९ ची. शुक्रवारी वाचवला म्हणून क्रूसोने त्या माणसाला 'फ्रायडे' केले, आणि स्वतःला 'मालक' म्हणायला शिकवले. पुढे फ्रायडेचा बापही कथेत येतो, तरीही मुलाचे मूळ नाव वाचकाला कळत नाही. क्रूसोला ते विचारावेसेच वाटले नाही. मनूने शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असे सांगितले. गावाने ते इमानाने पाळले. माझे आजोबा मंगळवारी जन्मले म्हणून मंगळ्या. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ही कादंबरी वर्गात शिकवताना 'फ्रायडे' हा शब्द मला नुसता विशेषनाम म्हणून उच्चारता येत नाही.

वॉटसनचे मित्रावर प्रेम आहे, हे नाकारता येत नाही. आत्म्याचे वजन एकवीस ग्रॅम, तो परत आणायचा, म्हणून तो पृथ्वी पालथी घालतो. पण या शोधात फ्रायडेचे मत कोण घेतो? आत्म्यावर बोलतात ते जिवंत. ज्यांच्या खांद्यावर हे साम्राज्य उभे आहे त्या प्रेतांची मूळ घरे, मूळ गावे कोणती, हा प्रश्न चित्रपट टाळतो. चित्रे देखणी आहेत, पण ती मला त्याची भरपाई वाटत नाहीत.

तरी एक गोष्ट चित्रकाराने अचूक दाखवली आहे. फ्रायडेचे काम लेखनिकाचे. त्याच्या हातात लेखणी आहे, अक्षर आहे, वही भरते आहे; आणि त्या वहीत वॉटसनने सांगितलेले तेवढेच उतरते.