गावची ‘एक्सप्रेस’ आणि घड्याळातले सेकंद

डोंबिवलीजवळच्या मानपाड्यात वाहनांची वर्दळ सुरू व्हायच्या आत रस्त्याकडेला पोरं पळताना दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती. मुलांना १६०० आणि १०० मीटर, मुलींना ८०० आणि १००. तिथे गुण पडतात ते सेकंदावर. बाप काय करतो, घर कुडाचं की विटांचं, हे कोणी विचारत नाही. वर्तमानपत्रात मात्र नेमकं उलटं चालतं.

फेब्रुवारी २०२० ची गोष्ट. कर्नाटकातल्या कंबाळा शर्यतीत श्रीनिवास गौडा यांनी चिखलातून, रेड्यांच्या जोडीमागे, सुमारे १४२ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत कापलं. कोणीतरी त्रैराशिक मांडलं: १०० मीटरला ९.५५ सेकंद! उसेन बोल्टचा २००९ चा विक्रम ९.५८. झालं, ‘भारताचा बोल्ट’ असे मथळे लागले. बैलगाडा शर्यत पाहिलेल्या आपल्या माणसाला सांगायला नको, की जनावराच्या ओढीनं पळणं वेगळं आणि जागेवरून स्वतःच्या पायांवर सुटणं वेगळं. गौडा यांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी श्रेय रेड्यांना दिलं आणि धावपट्टीवरच्या चाचणीला नकार दिला. बातमी देणाऱ्यांपेक्षा पळणारा शहाणा निघाला म्हणायचं!

मध्य प्रदेशच्या रामेश्वर गुर्जरला ती सवड मिळाली नाही. अनवाणी ११ सेकंदांत १०० मीटर पळतो म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याची चित्रफीत देशभर फिरली. भोपाळला चाचणी झाली, त्यात तो शेवटून पहिला. मग त्याचीच थट्टा. घड्याळ न तपासता डोक्यावर घेणाऱ्यांना कोणी काही बोललं नाही.

दुसरी खोड नावांची. पी. टी. उषा ‘पय्योली एक्सप्रेस’, आसामची हिमा दास ‘ढिंग एक्सप्रेस’, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊत ‘सावरपाडा एक्सप्रेस’. गावाचं नाव झालं, चांगलंच आहे. पण हिमा ४०० मीटरची, म्हणजे मैदानाची एक फेरी; कविता १०,००० मीटरच्या, म्हणजे पंचवीस फेऱ्या. त्याच अंतरात २०१० साली त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. दोघींना पाटी मात्र एकच.

हिमाने जुलै २०१९ मध्ये युरोपात पाच सुवर्णपदकं जिंकली. पदकं सगळ्यांनी मोजली. पण त्यातली ४०० मीटरची वेळ होती ५२.०९ सेकंद, त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेची पात्रता ५१.८०, आणि तिची स्वतःची सर्वोत्तम वेळ ५०.७९. हे आकडे मथळ्यात फारसे आले नाहीत. पुढे दोहाच्या त्या स्पर्धेत ती उतरली नाही, तेव्हा वाचक बुचकळ्यात पडला.

यात आमच्या पोरांचं काय जातं? हातातल्या घड्याळावर १०० मीटरची वेळ यंत्रापेक्षा साधारण पाव सेकंदानं कमी दिसते. शाळेच्या मैदानावर १२ सेकंदांत पळालेला पोरगा यंत्रावर सव्वाबाराच्या आसपास येतो आणि आपला दम गेला असं समजून बसतो. तालुक्याच्या स्पर्धेची बातमी हाती आली, की तेवढं पाहावं: वेळ दिलीय का, आणि ती हाताची की यंत्राची. बहुतेक वेळा हारतुरे घातलेला फोटोच तेवढा सापडतो.