हरायला माणसं हवीत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लहान मुलं लुटुपुटूची लढाई खेळायला लागली, की पहिलं भांडण शस्त्रांवरून होत नाही, भूमिकांवरून होतं. महाराज व्हायला सगळेच तयार. तानाजी, बाजीप्रभू यांनाही उमेदवार भरपूर. घोडं अडतं ते खानापाशी. शेवटी कुणाच्या तरी धाकट्या भावाला ‘नाहीतर तुला खेळात घेणार नाही’ असा दम भरून खान केलं जातं. तो बिचारा तीन-चार वेळा मरतो, कंटाळतो आणि घरी निघून जातो. खेळ तिथंच मोडतो.

दहा मुलांचा प्रश्न असतो तोवर आपण हसून सोडून देतो. पण खेळणारी मोठी माणसं असली, आणि दोन हजार असली तर?

असे खेळ युरोपात होतात. ‘लाइव्ह अ‍ॅक्शन रोल प्लेइंग’ हे त्यांचं लांबलचक नाव. बोलताना सगळे ‘लार्प’ म्हणतात. मी मूळचा हौशी रंगभूमीवरचा, आणि तिथंही पडद्यामागचा. नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं इंग्लंडमध्ये काढली, तेव्हा या खेळांत स्वयंसेवक म्हणून राबलो. पडद्यामागच्या माणसाची नजर सुटत नाही. मला त्यातल्या लढायांपेक्षा लढाई उभी कशी राहते याचंच कुतूहल जास्त होतं, आणि आज तेच सांगणार आहे.

नाटकात संहिता असते आणि समोर प्रेक्षक असतात. इथं दोन्ही नाही. प्रत्येक जण स्वतःचं पात्र घेऊन येतो: नाव, पोशाख, पूर्वायुष्य, कुणाशी वैर, कुणाशी सोयरीक. पुढचे दोन-तीन दिवस माळरानावर तंबू ठोकून तो त्याच नावानं वावरतो, जेवतो, कारस्थानं करतो आणि लढतो. तलवारी फोमच्या, वरून लॅटेक्सचा थर आणि आत फायबरग्लासची बारीक कांडी. लांबून पाहिलं तर पोलादी वाटते. अंगावर बसली तर उशी लागल्यासारखं होतं.

अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ निघाला. ‘बसून कशाला, उठूनच खेळू’ असं वाटणारी माणसं लवकरच निघाली. इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात पेकफर्टन नावाचा एकोणिसाव्या शतकात बांधलेला किल्ला आहे. तिथं १९८२ साली ‘ट्रेझर ट्रॅप’ हा खेळ सुरू झाला. किल्ल्यात एक सोय असते. अंधारी बोळ, अरुंद जिना. चार-सहा वीरांना घाबरवायला चार राक्षस पुरतात, आणि तेच चौघं मुखवटे बदलून पुढच्या वळणावर पुन्हा भेटतात. खेळ उघड्या माळावर आला आणि ही सोय गेली. जर्मनीत ब्रोकेलोह या खेड्यात २००४ पासून ‘कॉन्क्वेस्ट ऑफ मिथोडिया’ हा उन्हाळी खेळ भरू लागला. त्याला हजारो माणसं लोटतात. इंग्लंडमधला ‘एम्पायर’ २०१३ साली सुरू झाला. वर्षातून चार वेळा, दर वेळी एक शनिवार-रविवार. खेळातल्या साम्राज्यात दहा राष्ट्रं; त्यांची सिनेट आहे, सेनापती आहेत, आणि सम्राट कोण व्हावा हे खेळणारेच मतदान करून ठरवतात.

आता हिशेब मांडून पाहा. हजार वीरांना लढाई हवी, म्हणजे समोर हजार शत्रू हवेत. पगार देऊन हजार माणसं आणायची म्हटली तर तिकिटाची किंमत कुणालाच परवडणार नाही. फुकट बोलावली, तरी त्यांना झोपायला जागा, प्यायला पाणी आणि सकाळी स्वच्छतागृह लागणारच. शिवाय या हजारांनी यायचं कशासाठी? मार खाऊन पडण्यासाठी!

जर्मनीतल्या मोठ्या खेळांनी याला एक उत्तर काढलं. शत्रुपक्षात येणाऱ्यांना स्वस्त तिकीट. त्यांची छावणी वेगळी, त्यांचे मुखवटे, रंग, निशाणं वेगळी, आणि पूर्ण खेळभर ते त्याच बाजूला. यातून एक वेगळीच जमात तयार होते. काही जण वर्षानुवर्षं शत्रूच होतात आणि दुसरं काही व्हायला तयार नसतात. हौशी नाटकमंडळ्यांतही असा एखादा असतोच; नायकाचं काम दिलं तर त्याला अपमान वाटतो.

‘एम्पायर’चं उत्तर मला जास्त आवडतं, कारण त्यात व्यवहार आहे. मोठ्या लढाया दोन, एक शनिवारी आणि एक रविवारी. शनिवारी निम्मी राष्ट्रं लढतात, तेव्हा उरलेल्या निम्म्या राष्ट्रांतल्या लोकांनी आपापले झगे उतरवून, मुखवटे चढवून रानटी ‘ऑर्क’ टोळ्या व्हायचं. रविवारी उलट. आज तुझ्यासाठी मी मरतो, उद्या माझ्यासाठी तू मर. आपल्याकडे भात लावणीला एकमेकांच्या शेतात जाण्याची पद्धत आहे, तसंच. पैशाचा प्रश्न सुटला, तंबूंचा सुटला, माणसं तर आधीच मैदानावर आहेत.

तरीही हजार जमत नाहीत, म्हणून पुनर्जन्माची सोय. पडलेला शत्रू उठतो, मागच्या निशाणापाशी चालत जातो आणि तिथून नवा शत्रू होऊन परत येतो. तीनशे माणसं तासाभरात हजाराचं सैन्य होतात. वीराला मात्र ही सवलत नाही. त्याचं पात्र मेलं की मेलं. मग त्यानं ते चार वर्षं जपलेलं असो, की त्या पोशाखावर पत्नीनं दोन महिने भरतकाम केलेलं असो.

यात एक गोष्ट आपल्या लक्षात पटकन येत नाही. वार लागला की नाही हे ठरवायला प्रत्येकामागे पंच उभा नसतो. ज्याला लागला त्यानंच मोजायचं आणि वेळ आली की आपण होऊन पडायचं. म्हणजे सगळी लढाई हरणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर चालते. आणि शनिवारचा ऑर्क रविवारी स्वतः वीर असणार, समोर कालचेच लोक असणार, हे त्याला ठाऊक असतं. नियमपुस्तकातल्या कुठल्याही कलमापेक्षा या जाणिवेचा उपयोग अधिक होतो, असं माझं मत आहे.

शत्रूची फौज म्हणजे नुसता जमाव नव्हे. त्यांचे म्होरके अनुभवी कार्यकर्ते असतात. लढाईआधी त्यांची बैठक होते. कुठून यायचं, पहिली वीस मिनिटं किती रेटा द्यायचा, वीरांची फळी फुटायला लागली तर काय करायचं. इथं गंमत अशी, की वीर जिंकणारच असं ठरलेलं नसतं. ते खरोखर हरू शकतात, आणि हरले तर साम्राज्याचा एखादा प्रांत जाऊ शकतो. म्होरक्याचं काम जिंकणं नाही आणि हरणंही नाही. वीरांना हे जमेल की नाही याची धाकधूक शेवटपर्यंत राहील एवढं त्यानं पाहायचं. हे काम फार थोड्यांना साधतं. चांगला खलनट कंपनीला महागात का पडायचा, ते मला तिथं कळलं.

बाकीची फौज दिसतच नाही. शस्त्रतपासनीस दर वेळी प्रत्येक तलवार वाकवून, दाबून पाहतात. आतली कांडी टोकाशी बोटाला लागली, की तलवार बाद. बाणांना जाड फोमची टोपी, आणि धनुष्याचा ताण सुमारे तीस पौंडांच्या आत. हातात नियमांचं पुस्तक घेऊन फिरणारे पंच असतात. कथानकाचे धागे लिहिणारे असतात, आणि हे धागे लिहिल्याबरहुकूम कधीच चालत नाहीत. तीन महिने खपून लिहिलेला राजदूत खेळाडूंनी पहिल्या दहा मिनिटांत मारून टाकला, तर लेखकानं रात्री बसून त्याचा भाऊ लिहायचा. वाहनतळ, पाणी, कचरा, आग विझवायची साधनं, प्रथमोपचार ही खाती आणखी निराळी. या सगळ्यांच्या मध्यभागी एक तंबू असतो, ‘गेम्स ऑपरेशन्स डेस्क’. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं ‘गॉड’. ‘माझी छत्री हरवली’, ‘देवाला जाऊन विचार’ असे संवाद तिथं दिवसभर ऐकू येतात, आणि कुणी हसतही नाही.

या अदृश्य खात्यांची किंमत काय, ते एका रात्री पाहिलं. खेळाचं नाव इथं महत्त्वाचं नाही. दिवसभर पाऊस झाला होता. जंगलाच्या कडेला संध्याकाळी चकमक झाली आणि एक विशीतला मुलगा घायाळ होऊन झाडाखाली पडला होता. भोवती त्याचे साथी. एक जण मंत्र म्हणत होता, दुसरी त्याचा हात धरून रडत होती. मुलगा थरथरत होता, जीभ जड झाली होती, शब्द तुटत होते. ‘काय काम करतोय!’ असं शेजारचा माझ्या कानात म्हणाला.

शत्रूच्या बाजूची एक बाई मुखवटा वर सरकवून त्याच्याजवळ बसली. तिनं त्याला पात्राचं नाव विचारलं नाही, खरं नाव विचारलं. त्याला ते सांगता येईना. त्याबरोबर ती ओरडली, ‘मॅन डाउन!’

इंग्लंडमधल्या अनेक खेळांत ही आरोळी खऱ्या दुखापतीसाठी राखून ठेवलेली असते. ‘मेलो, वाचवा, वैद्याला बोलवा’ हे सगळं खेळात कितीही ओरडा, कुणी दचकणार नाही. हे दोन शब्द मात्र नाटकात म्हणायचे नाहीत. नॉर्वे-स्वीडनकडच्या खेळांतही असे शब्द आहेत. ‘कट’ म्हणजे खेळ थांबवा आणि ‘ब्रेक’ म्हणजे जरा बेतानं. त्या रात्री आरोळी एकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि मिनिटभरात सगळं रान गप्प झालं. मुलगा ओल्या कपड्यांत गारठला होता, सकाळपासून नीट जेवलाही नव्हता. शरीराचं तापमान उतरलं की माणूस असाच अडखळत बोलतो. ती बाई व्यवसायानं परिचारिका होती, आणि दोन तास शत्रू व्हायला म्हणून आली होती. माझ्याकडे बिनतारी संच होता. मी प्रथमोपचाराची गाडी कुठल्या वाटेनं आणायची ते सांगितलं. वाट मोकळी होती, कारण काही महिन्यांपूर्वी एका कंटाळवाण्या बैठकीत कुणीतरी नकाशावर तिथं लाल रेघ मारून ‘इथं तंबू नको’ असं लिहिलं होतं. त्या रेघेवरून तेव्हा बरीच कुरकुर झाली होती. पोरगा सकाळपर्यंत ठणठणीत झाला.

सगळे खेळ तलवारींचेच असतात असं नाही. उत्तर युरोपातल्या खेळकर्त्यांचं ‘क्नुटेपुंक्ट’ हे संमेलन १९९७ साली ओस्लोत सुरू झालं आणि पुढं त्या चार देशांत आळीपाळीनं भरू लागलं. त्या परंपरेतला ‘जस्ट अ लिटल लव्हिन’ हा २०११ सालचा खेळ न्यूयॉर्कमध्ये एड्सची साथ पहिल्यांदा आली त्या काळावर, १९८२ ते १९८४ या तीन उन्हाळ्यांवर बेतलेला आहे. तिथं शत्रू म्हणून माणूस उभाच करावा लागत नाही. तिथं मनुष्यबळ लागतं ते खेळाआधी सगळ्यांना एकमेकांशी परिचित करून घ्यायला, आणि खेळानंतर कोपऱ्यात बसून राहिलेल्याशी बोलायला. अशी माणसं मिळणं अधिकच कठीण, कारण या कामाला मुखवटाही नाही आणि टाळीही नाही.

स्वयंसेवक टिकवायचे कसे, हे मला पुष्कळ जण विचारतात. माझं उत्तर फार साधं आहे. त्याला गरम जेवण वेळेवर द्या, आणि त्याची पाळी किती वाजता संपणार ते आधी सांगा. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत दोर धरून चालणारा कार्यकर्ता तुम्ही पाहिला असेल. मिरवणूक त्याला कधी दिसतच नाही, कारण त्याचं तोंड गर्दीकडे असतं. तरी तो दर वर्षी येतो. पण ‘थोडा वेळ धर’ असं सांगून सकाळपर्यंत त्याच्या हातून दोर कुणी घेतलाच नाही, तर पुढच्या वर्षी तो गावाला जातो. चांगल्या खेळांत पाळीचा तक्ता तिकीटविक्रीबरोबरच तयार होतो. कमी आयोजक हे करतात. बरेचसे आधी राजवाडा रंगवायला घेतात.

रविवारी दुपारी खेळ संपतो, तंबू उतरतात. मैदान शेतकऱ्याचं असतं, आणि पुढं तिथं मेंढ्या चरायच्या असतात. तंबूचा लोखंडी खुंटा गवतात राहिला तर जनावराच्या खुराला इजा होते. म्हणून शेवटी सगळे हातभर अंतरानं एका रांगेत उभे राहतात आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाली बघत, सावकाश चालत जातात. मी होतो त्या रांगेत एकदा सत्तेचाळीस खुंटे, एक चष्मा आणि कुणाची तरी मोटारीची किल्ली सापडली. किल्लीचा मालक ‘गॉड’च्या तंबूपाशी दोन तास बसून होता.