कधीच छापून न संपणारं पुस्तक

समजा तुमच्या हाती १९५५ साली छापलेला एक जाडजूड ज्ञानकोश लागला आणि त्यात तुम्ही आपला धाराशिव जिल्हा शोधू लागलात. सापडेल, पण उस्मानाबाद या नावाने आणि हैदराबाद राज्यात! १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. खोडा जुनं. १९६० साली महाराष्ट्र झाला. पुन्हा खोडा. १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला, म्हणजे नकाशाही बदला. आणि २०२३ साली तर जिल्ह्याचं नावच बदललं. आता त्या पानावर लिहायला जागा तरी उरली का?

जिमी वेल्स नावाच्या मुलाला असंच एक पुस्तक लहानपणी मिळालं होतं. जन्म १९६६चा, अमेरिकेतल्या हंट्सव्हिलचा. त्याची आई आणि आजी मिळून एक छोटीशी शाळा चालवायच्या. आईने 'वर्ल्ड बुक' हा ज्ञानकोश विकत घेतला होता. एखादी माहिती जुनी झाली की कंपनीकडून स्टिकर यायचे आणि मायलेक ते पानापानांवर चिकटवत बसायचे.

मोठेपणी जिमीने इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाचता येईल असा ज्ञानकोश काढायचं ठरवलं. २००० साली 'न्यूपीडिया' सुरू झाला. लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि सात टप्प्यांत तपासायचे. काम चोख, पण गोगलगायीच्या चालीचं! वर्षभरात अगदी मोजके लेख तयार झाले. तेव्हा त्याचा सहकारी लॅरी सँगर याने सुचवलं, की वॉर्ड कनिंगहॅम यांनी शोधलेली 'विकी' ही पद्धत वापरून पाहू. त्यात वाचणाराच पान दुरुस्त करू शकतो. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३चा, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनाचा.

आपल्याकडे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी २३ खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' सिद्ध केला. केवढं अफाट काम! माझ्या मते प्रत्येक मराठी मुलाला हे नाव ठाऊक असायलाच हवं. पण छापलेलं अक्षर जागचं हलत नाही, ही केतकरांची अडचण जिमीला राहिली नाही.

मग कोणी मुद्दाम खोटं लिहिलं तर? लिहितातही! पण प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. काय बदललं आणि कधी बदललं, सगळं तिथे जपलेलं असतं. चुकीचा बदल कोणीही क्षणात मागे फिरवू शकतं. शिवाय पुरावा लागतो. आपल्या तेरचंच घ्या. 'तेर हे खूप जुनं गाव आहे, आजी सांगते' एवढं पुरत नाही. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात 'तगर' नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख आहे आणि अभ्यासकांच्या मते ते तगर म्हणजेच तेर. हे कोणत्या पुस्तकात आहे ते सांगितलंत, की वाक्य टिकतं.

विकिपीडियावर फोटोही देता येतात, आणि ते आपण स्वतः काढलेले असले तर उत्तम. बोरी नदीला पाणी आलं की नळदुर्गच्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात. यंदा पावसाळ्यात घरच्यांबरोबर गेलात तर एक छान फोटो काढून आणा. तोवर मोठ्यांच्या मदतीने आपल्या जिल्ह्याचं पान उघडा, 'इतिहास'वर टिचकी मारा आणि धाराशिव हे नाव तिथे कोणत्या दिवशी आलं ते शोधून काढा.